गाडीचं दुखणं : पन्नास की पंचावन्न?

प्रश्न : काका, माझ्याकडे दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी आहे, सेकंडहँड घेतलेली. पावसाळ्यात पुढचे दोन्ही शॉकअप गेले. मेव्हणा जर्मनीत असतो. तो दिवाळीला येताना पाचव्या पिढीच्या गोल्फचा वापरलेला कॉइलओव्हरचा (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा) सेट घेऊन आला. दोन्ही गाड्या एकाच प्लॅटफॉर्मच्या, त्यामुळे बसणारच, असं त्याचं म्हणणं. मागचा सेट बसला. पुढे मात्र शॉकअप नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या ओतीव भागात, सैल राहतो, बोल्ट जीव खाऊन आवळला तरी हातानं फिरतो. आमचा मेकॅनिक म्हणतो, पत्रा गुंडाळून बसवू. दुसरा म्हणतो, भोसरीला लेथवर बुश (मध्ये घालायची धातूची नळी) करून घ्या, किरकोळ काम आहे. गाडी महिनाभर पार्किंगमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे आणि सोसायटीचे चेअरमन रोज विचारतात. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चेअरमनना सांगा, अजून दोन-तीन आठवडे लागतील. कारण पत्राही नको आणि बुशही नको.

मेव्हणेबुवांनी चॉकलेटं सोडून एवढं लोखंड विमानातून आणलं, त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरंही आहे. पाचवी गोल्फ, तुमची टीटी, आपल्याकडची स्कोडा लॉरा ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. पण भावंडांच्या चपला एका मापाच्या नसतात. या घराण्यात पुढच्या शॉकअपची नळी दोन मापांत येते, ५० मिलिमीटर आणि ५५ मिलिमीटर. हलक्या इंजिनाच्या गाडीला सहसा बारीक नळी असते, पुढच्या चाकांवर जास्त वजन असेल तर जाड. तुमच्या हातात आलेला सेट बारीक नळीचा दिसतोय. मागचा बसला यात नवल नाही, कारण मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, तिथं नळी कशात घालून आवळायचीच नसते.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. व्हर्नियर घ्या, शिंप्याची टेप नको. जुना शॉकअप फेकला नसेल तर त्याच्या खालच्या टोकाला एक पट्टी बाकीच्या नळीपेक्षा स्वच्छ दिसेल, तेवढाच भाग इतकी वर्षं नकलच्या आत होता. तिथला गंज पुसा, व्हर्नियर तिथं धरा, मग नव्याला धरा. दोन मिनिटांत निकाल लागेल. हेच दिवाळीआधी केलं असतं आणि आकडा मेव्हण्यांना कळवला असता, तर आज तुम्ही लोणावळ्याला भजी खात असता.

आता बोल्ट आवळूनही नळी का धरत नाही, ते बघा. नकल म्हणजे एका बाजूनं चिरलेली बांगडी. बोल्ट आवळला की चीर मिटते आणि बांगडी नळीला मिठी मारते. सगळा भार त्या मिठीवर. ५५ च्या बांगडीत ५० ची नळी घट्ट धरायची तर परिघ ३.१४ गुणिले ५, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटरनं कमी व्हायला हवा. तुमच्या नकलची चीर आहे जेमतेम काही मिलिमीटर. ती पूर्ण मिटली तरी नळी सैलच राहणार. वर जास्त जोर केलात तर नकलचे कान (ज्यातून बोल्ट जातो ती दोन टोकं) वाकतील किंवा तडकतील. ते ओतीव असतात, ठोकून सरळ होत नाहीत. म्हणून आता बोल्ट काढल्यावर दोन्ही कानांच्या मुळाशी टॉर्च मारून केसासारखी रेघ दिसते का, हे आधी बघा. दिसली तर नकल बदलायचं, तिथं घासाघीस नाही.

बुशचा सल्ला देणाऱ्यावर मी हसणार नाही, कारण २००८ साली हाच शहाणपणा मी केलाय. गाडी दुसरी होती, पण दुखणं हेच. गिऱ्हाईक गोव्याला निघालेलं, आणि मला नाही म्हणता आलं नाही. भोसरीच्या एका टर्नरकडून अडीच मिलिमीटर जाडीचं, उभं चिरलेलं साध्या लोखंडाचं बुश करून घेतलं. इतकं सुंदर बसलं की मीच कौतुकानं दोनदा हात फिरवला. तीन आठवड्यांनी खंबाटकी घाटातून फोन, गाडी डावीकडे ओढतेय आणि जळक्या रबराचा वास येतोय. टोइंग करून आणली, चाक काढलं. शॉकअप नकलमध्ये बोटभर खाली सरकला होता, स्प्रिंगची थाळी टायरला टेकली होती आणि टायर आतल्या बाजूनं तारेपर्यंत सोलला होता. बुशची एक कड विड्याच्या पानासारखी दुमडलेली. टर्नरचा काडीचा दोष नव्हता, मी दिलेलं माप त्यानं तंतोतंत पाळलं होतं. पण जिथं एका मिठीवर भार असतो तिथं मी मध्ये तिसरा माणूस घुसवला. नकल बुशला धरणार, बुश नळीला धरणार, आणि बुश मऊ. नव्या टायरचे आणि टोइंगचे पैसे मी दिले. ते बुश अजून माझ्या टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवतो.

तेव्हा हा सेट गोल्फ किंवा लॉरावाल्याला विकून टाका, मात्र त्याची नळी ५० ची आहे का, हे त्याला आधी मोजायला लावा. तुम्ही ५५ चा घ्या. घेताना विक्रेत्याला गाडीचं नाव सांगून थांबू नका. व्हर्नियरचा फोटो पाठवा आणि आकडा लेखी मागा. ‘सगळ्यांना बसतो’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

नवा सेट आल्यावर नळीला ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर अडकवायची पट्टी आहे का बघा. नसेल तर प्लास्टिकच्या टायनं बांधून मोकळे होऊ नका, स्टिअरिंग पूर्ण फिरलं की पाइप टायरला घासतो. नळीच्या पाठीला एक छोटी पट्टी असते, ती नकलच्या चिरेत यायला हवी. चीर रुंद करायला स्क्रूड्रायव्हर ठोकू नका. त्यासाठी अंडाकृती टोकाचं अवजार मिळतं, चिरेत घालून पाव फेरी फिरवायचं. तिथले बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून नवेच वापरा. रबरी बुशांचे (सस्पेंशनच्या सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. हवेत लटकताना आवळलेत तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. पुण्यातल्या निम्म्या ‘नव्या सस्पेंशनचा आवाज येतो’ या तक्रारींचं मूळ मला इथंच सापडलंय. शेवटी अलाइनमेंट. झेनॉन दिवे असतील तर त्यांची उंचीही पुन्हा सेट करून घ्या, नाहीतर समोरचा शिव्या देत जाईल.

प्रश्न : मी माझ्या दोन सीटच्या गाडीला खालच्या उंचीच्या स्प्रिंग बसवल्या, गाडी ४० मिलिमीटर खाली आली. दिसते छान, पण सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला पोट घासतं. आणि छोट्या खड्ड्यातही पुढून ‘ठक्’ होतं. शॉकअप जुनेच ठेवले आहेत. ते गेले का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : ताई, गेले नसतील, पण जायच्या वाटेवर असतील. जुन्या शॉकअपचा दांडा खाली-वर जायला जी जागा होती, त्यातली चार सेंटिमीटर तुम्ही उभ्याउभ्याच खाल्लीत. आता लहान धक्क्यालाही तो रबरी ठोकळ्यावर आपटतो, तोच ‘ठक्’. आवाज स्टिअरिंग वळवतानाही येत असेल तर स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याची) लिंकही बघून घ्या. गाडी खाली आली की लिंकचा कोन बिघडतो आणि काही गाड्यांत तो बार ॲक्सलला टेकतो.

स्पीडब्रेकरचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून तुमची गाडी जाईल. पण सोसायटीचा वॉचमन आणि गवंडी मिळून रविवारी दुपारी जो बांधतात तो हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो, त्याला रणगाडाच हवा. २५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांच्याच जोडीचे शॉकअप घ्या. तोवर गेटवरून तिरपं जा, एका वेळी एकच चाक चढवत, आणि ‘ठक्’ डावीकडून येतो की उजवीकडून, ते मला लिहून कळवा.