स्प्रिंग कुठे गेली?

प्रश्न: जुन्या होंडा सीबी ४५० मोटरसायकलला व्हॉल्व्ह (इंजिनातली झडप) बंद करणाऱ्या स्प्रिंगच नसतात असं मित्र म्हणतो, खरं का? आणि आयडलिंगला आवाज अडखळल्यासारखा का येतो?

उत्तर: स्प्रिंग असते हो, फक्त गुंडाळीची नाही! १९६५ च्या या ४४४ सीसी ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनात, टॉर्शन बार आहेत, म्हणजे स्टीलची सरळ दांडी, व्हॉल्व्ह उघडला की ती पिळली जाते आणि परत सुटताना व्हॉल्व्ह बंद करते. जास्त आरपीएमला गुंडाळीची स्प्रिंग स्वतःच थरथरते, ती भानगड इथे कमी, म्हणून तर ८५०० आरपीएमला ४३ हॉर्सपॉवर, काय डोकं लावलंय! आवाजाचं म्हणाल तर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) १८० अंशाचा, एक पिस्टन वर तर दुसरा खाली, त्यामुळे दोन ठोके लागोपाठ आणि मग मोठा गॅप, धकधक… धकधक. तेवढ्यासाठी कार्बोरेटर उघडू नका.