स्फटिकीभवन की स्फटिकीकरण? आणि ‘शिअर’चं काय करायचं?

हर्णैहून एका वाचकाने विचारलं आहे: मासेमारीच्या तंगुसाचं इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचंय. त्यातल्या ‘फ्लो-इंड्यूस्ड क्रिस्टलायझेशन’ला स्फटिकीकरण म्हणावं की स्फटिकीभवन? आणि ‘शिअर’ला कर्तन लिहिलं तर तंगूस कापला जातो असं नाही का वाटणार?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. स्फटिकीभवन लिहा. ‘-ीभवन’ म्हणजे आपसूक तसं होणं, ‘-ीकरण’ म्हणजे कुणी तरी तसं करणं. मिठागरात बाष्पीभवनच होतं. वितळलेलं प्लास्टिक निवताना त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या स्वतःच घड्या घालून नीट बसतात. प्रवाहामुळे ते लवकर आणि निराळ्या आकारात घडतं, एवढंच. म्हणून ‘प्रवाहप्रेरित स्फटिकीभवन’. पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकमध्ये मुद्दाम शंखजिऱ्याची पूड किंवा सोडियम बेन्झोएट मिसळून हेच घडवून आणलं, तर तिथे ‘स्फटिकीकरण’ला माझी हरकत नाही.

दुसरी शंका मात्र रास्त आहे. अभियांत्रिकीच्या मराठीत कर्तन रूढ आहे आणि रिव्हेटच्या बाबतीत ते शोभतंही, कारण रिव्हेट खरंच कातरला जातो. वितळलेल्या प्लास्टिकच्या वाहत्या रसात तसं नसतं. डायच्या, म्हणजे रस ज्या छिद्रातून बाहेर काढतात त्याच्या, भिंतीलगतचा थर जवळजवळ जागीच राहतो, अगदी मध्यावरचा पुढे पळतो, आणि त्यांच्या दरम्यानचे सगळे थर एकमेकांवर सरकतात. दोन थरांत अडकलेली साखळी ताणली जाते, पण सोबत गरगरतेही. त्यामुळे नुसत्या सरकण्यापेक्षा सरळ ओढणारा प्रवाह साखळ्या जास्त चांगल्या उलगडतो. हिंदीतलं ‘अपरूपण’ आणून यातलं काहीच उमगत नाही. पहिल्या उल्लेखाला ‘थर एकमेकांवर सरकणे, म्हणजे कर्तन’ असं लिहावं, पुढे नुसतं कर्तन चालेल.

‘प्रेरित’ या शब्दालाही अट आहे. साखळी पुन्हा गुंडाळायला जेवढा वेळ घेते त्याच्या आत तिला ताण बसला पाहिजे. हा वेळ ०.१ सेकंद असेल, तर कर्तनाचा दर सेकंदाला १० पेक्षा बराच वर हवा. सर्वांत लांब साखळ्या सर्वांत सावकाश गुंडाळतात, म्हणून त्या थोड्या असल्या तरी आधी त्याच ताणलेल्या राहतात, त्यांचा धागा बनतो आणि बाकीच्या साखळ्या त्यावर आडव्या, सुमारे १० ते २० नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांनी वाढतात. १९६०च्या दशकात पॉलिमर शास्त्रज्ञ पेनिंग्ज यांनी पॉलिएथिलीनचं द्रावण ढवळून ही रचना दाखवली. सळईत ओवलेल्या कबाबांवरून तिला शिश-कबाब म्हणतात. रस स्थिर असता तर नुसते गोल स्फटिकपुंज झाले असते.

आता तुमच्या माहितीपत्रकाबद्दल. तंगूस बळकट होतो तो मुख्यतः या प्रवाहाने नव्हे. तंगूस बहुधा ज्याचा असतो ते नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळतं. डायमधून बाहेर पडून पाण्याच्या टाकीत थिजेपर्यंत बऱ्याच साखळ्या पुन्हा सैल झालेल्या असतात. खरं बळ त्यानंतर, पुढचे रोलर मागच्यांपेक्षा साधारण चार-पाच पट वेगाने फिरवून घन धाग्याला दिलेल्या ओढीतून येतं. ओढ कमी पडली तर जाळ्यात वजन आलं की तंगूस लांबतो. जास्त झाली तर आत पोकळ्या पडून तो पांढरा पडतो आणि गाठीशी तुटतो. या पायरीला मराठीत ‘ओढ’च म्हणा. तिथे ‘प्रवाहप्रेरित’ छापणं चूकच, इंग्रजीत काहीही असो.

माहितीपत्रकात मासळीच्या प्लास्टिक क्रेटचं पान असेल, तर ते मात्र वेगळं ठेवा. तिथे कर्तन शब्द अगदी चपखल बसतो. साच्याच्या गार भिंतीलगत रस सरकता सरकताच थिजतो, त्यामुळे सालीत साखळ्या प्रवाहाच्या दिशेला लागलेल्या राहतात. गाभा सावकाश निवतो आणि गोल पुंजांनी भरतो. प्रवाहाच्या दिशेचं आणि आडवं आकसणं सारखं राहत नाही, म्हणून गेटची, म्हणजे साच्यात रस शिरतो त्या तोंडाची, जागा चुकली की क्रेटचा तळ वाकतो.