पोरीला ‘डेव्हलपमेंट पॉलिसी’ शिकायचंय, नोकरी कुठं मिळणार?

नमस्कार भाऊ, चिकोडीहून तुमचं पत्र मिळालं. मुलगी बेळगावात बीए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढं डेव्हलपमेंट पॉलिसी करणार म्हणते, आणि तुम्ही विचारलंय की श्रीमंत देशांनी गरिबांना पैसे द्यायचे ह्यात शिकण्यासारखं काय, एनजीओत फिरून पोट भरणार काय.

पैसे हा त्यातला एकच भाग हो, श्रीमंत देशांचे व्यापाराचे, औषधांचे नियम गरीब देशांना तारतात की मारतात हेही त्यात शिकतात. तुमचा ऊसच घ्या. युरोपवाले आपली बीटची साखर सबसिडी देऊन बाहेर स्वस्तात विकायचे, त्यानं जगात भाव पडायचा आणि गरीब देशातला ऊसवाला मरायचा, मग त्याच देशांना वर्षाला कितीही मदत दिली तरी काय उपयोग. ब्राझील, थायलंड, ऑस्ट्रेलिया डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) भांडले, 2005 ला जिंकले आणि पुढच्या वर्षी युरोपनं साखरेचं धोरण बदललं. हा एक नियम बदलणं कितीतरी मदतीपेक्षा मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. (आपल्या ऊसदराच्या आणि साखर सबसिडीच्या विरोधातपण ब्राझीलवाले गेलेत, 2021 ला डब्ल्यूटीओच्या तंटा सोडवणाऱ्या पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात लागला, भारतानं अपील केलंय. म्हणजे हा विषय तुमच्या फडापर्यंत येतो.)

औषधांचंही तसंच. 2001 ला आपल्या सिप्ला ह्या औषध कंपनीनं एड्सची औषधं वर्षाला 350 डॉलरला देतो म्हटलं, तेव्हा मोठ्या कंपन्यांचा भाव 10 हजार डॉलरच्या आसपास होता. त्याच वर्षी दोहात डब्ल्यूटीओच्या बैठकीत सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलं की पेटंटच्या करारानं कुणाचे आरोग्य जपायचे हात बांधू नयेत. वॉशिंग्टनची सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट ही रिसर्च संस्था तर 2003 पासून श्रीमंत देशांना मार्कच देते, मदतीबरोबर व्यापार, स्थलांतर, पर्यावरण, टेक्नॉलॉजी सगळं बघून.

आता नोकरीचं. हे नियम वाचून आपल्या बाजूनं मांडणारी माणसं सरकारला, एक्स्पोर्टवाल्यांना, रिसर्च संस्थांना लागतात. यूपीएससीतून इंडियन ट्रेड सर्व्हिस आहे. पुढच्या डिग्रीसाठी पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट किंवा आयआयएफटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड) बघा. तिला मराठी, कन्नड दोन्ही येत असेल तर शेतकऱ्यांत जाऊन सर्व्हे करायला ती दिल्लीच्या पोरांपेक्षा पुढं असेल. फक्त गणित आणि स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर ह्याच सुट्टीत क्लास लावा, एंट्रन्सला तिथंच अडतात बऱ्याच पोरी.