ज्यांचे न्हाणीघर एक, त्यांची पंगत एक

प्रश्न : आमच्या मुलींच्या वसतिगृहात तीन मजल्यांवर 60 खोल्या आहेत, प्रत्येकीत तीन खाटा. दर दहा खोल्यांना एक सामाईक न्हाणीघर. तळमजल्यावर संडास-बाथरूम जोडलेल्या पाहुण्यांच्या तीन खोल्या आहेत. 2020 च्या मार्चमध्ये मुलींना घाईघाईने घरी पाठवावे लागले होते. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर सत्र कसे चालवायचे, याची लेखी योजना संचालक मागत आहेत. विलगीकरणासाठी किती टक्के खाटा राखून ठेवाव्यात?
— रेक्टर, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : टक्केवारीने हिशेब बसत नाही. रोज किती नवे रुग्ण येतील आणि प्रत्येक खाट किती दिवस अडकेल, या दोन आकड्यांचा गुणाकार करा. जानेवारी 2022 च्या केंद्राच्या सूचनांनुसार सौम्य कोविड रुग्णासाठी पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, आणि त्यातले शेवटचे सलग तीन दिवस ताप नको, असा नियम होता. खोली धुऊन हवेशीर करायला एक दिवस धरला की आठ दिवस झाले. रोज दोन मुली आजारी पडल्या तर 16 खाटा लागतील. पुढची साथ वेगळी असली तर दिवसांचा आकडा बदलेल, रीत तीच राहील.

तुमच्याकडे सहा न्हाणीघरे आहेत, म्हणून सहा गट मानून आखणी करा. जिन्याजवळच्या एका गटाच्या दहा खोल्या पूर्ण रिकाम्या ठेवा. तपासणीत पक्के ठरलेले दोन रुग्ण एका खोलीत राहू शकतात, म्हणजे 20 खाटा झाल्या. लक्षणे आहेत पण अहवाल यायचा आहे, अशा मुलीला तिथे अजिबात नेऊ नका. साधा सर्दी-ताप असलेली मुलगी त्या न्हाणीघरात गेली तर तिथेच लागण व्हायची. तिच्यासाठी पाहुण्यांच्या खोल्या. त्या तीनच आहेत, तेव्हा अहवाल 24 तासांत देणारी प्रयोगशाळा सत्र सुरू व्हायच्या आधी ठरवून ठेवा. उरलेल्या 50 खोल्यांत दोन-दोन, म्हणजे 100 मुली राहतील. बाकीच्यांनी घरून ऑनलाइन शिकावे. कोणाला बोलवायचे हे गुणांवर ठरवू नका. ज्यांना प्रयोगशाळेचे काम आहे आणि ज्यांच्या घरी नेट किंवा बसायला जागा नाही, त्या आधी.

20 पैकी 12 खाटा भरल्या की प्रत्यक्ष वर्ग थांबवायचे, हे आजच लिहून ठेवा. सगळ्या भरेपर्यंत वाट पाहिली तर आधीच लागण झालेल्या, पण अजून लक्षणे न दिसलेल्या मुलींना जागा उरत नाही.

मुलींना एकाच दिवशी बोलवू नका. गटागटाने, तीन-तीन दिवसांच्या अंतराने येऊ द्या. तपासणी आल्या दिवशी आणि पुन्हा पाचव्या दिवशी करा. प्रवासात लागण झाली असेल तर पहिल्या दिवशीची चाचणी बहुधा निगेटिव्ह येते, आणि तिच्या भरवशावर मुलगी सगळीकडे फिरते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे मेस, कारण तिथे मास्क उतरतो. ज्यांचे न्हाणीघर एक, त्यांचीच पंगत एक ठेवा : वीस मुली, वीस मिनिटे जेवण, दहा मिनिटे रिकामे. पाच पंगतींना अडीच तास लागतात. सकाळचे पोहे डब्यात घालून खोलीवर द्या, तेवढा ताण कमी होतो. स्वयंपाकी दोन चमूंत वाटा, आठवड्याआड पाळी. चमूंची एकमेकांशी गाठ पडता कामा नये, नाहीतर एक आचारी आजारी पडला की सगळे स्वयंपाकघर बंद पडते.

प्रश्न : जंतुनाशक फवारणीचे यंत्र घ्यावे का?

उत्तर : नको, तो पैसा एक्झॉस्ट पंख्यांवर खर्च करा. कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. मेस 40 बाय 25 फूट आणि उंची 11 फूट असेल तर 11,000 घनफूट हवा झाली. ती तासाला सहा वेळा बदलायची म्हणजे ताशी सुमारे 1,870 घनमीटर. पंख्याची क्षमता ताशी घनमीटरमध्ये दिलेली असते, तेवढी बेरीज होईल इतके पंखे घ्या. ते एका भिंतीत बसवा आणि समोरच्या भिंतीतल्या खिडक्या उघडा. पंख्याशेजारची खिडकी मात्र बंदच हवी, नाहीतर पंखा तिथलीच हवा ओढत राहतो आणि खोलीतली तशीच राहते. पावसाळ्यात डासांमुळे मुली खिडक्या लावून घेतात, म्हणून जाळ्या आधी बसवून घ्या.

संडास-बाथरूम पुसायला एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. माणसांवर फवारणी तर मुळीच नको.

प्रश्न : दिवाळीची सुटी द्यावी का?

उत्तर : दिवाळीला घरी जाऊन परतलेली मुलगी म्हणजे नवी आलेलीच, पुन्हा दोन चाचण्या. जुलैत सत्र सुरू होत असेल तर प्रात्यक्षिके दिवाळीआधी संपवा आणि उरलेले वर्ग घरून घ्या.

आणखी एक, जे तुम्ही विचारले नाही. मुली ताप लपवतात. हजेरी कापली जाईल, आई-बाबा घरी बोलावतील, ही भीती असते. विलगीकरणातले दिवस हजेरीत धरले जातील, मेसचे पैसे कापले जाणार नाहीत आणि डबा दारापर्यंत येईल, अशी प्राचार्यांच्या सहीची नोटीस पहिला गट येण्याआधी मेसच्या दारावर लागलेली हवी.