नव्या सुविधा आल्या आणि आलेख उंचावला: आकडा वरिष्ठांना दाखवण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की समाजमाध्यमांवरील ट्रेंड पाहण्याच्या आपल्या साधनात भावना-विश्लेषण (पोस्टचा सूर अनुकूल की प्रतिकूल हे ठरवणे), अचानक उसळीची सूचना आणि पुढील आठवड्याचा अंदाज अशा तीन सुविधा नव्याने आल्या, आणि त्याच सुमारास आपल्या हॅशटॅगच्या उल्लेखांचा आलेख जवळजवळ दुप्पट झाला. हा आकडा वरिष्ठांना दाखवावा का, असे आपण विचारता. माझ्या मते तूर्त दाखवू नये. मी नेमक्या याच प्रसंगातून गेले आहे.

माझ्या वेळी नव्या सुविधांसोबत मोजणीची पद्धतही बदलली होती, आणि अपडेटच्या माहितीत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. मी ग्राहक साहाय्य विभागाला एवढेच विचारले होते, की जुनी आकडेवारी नव्या पद्धतीने पुन्हा मोजली आहे का. उत्तरात भावना-विश्लेषण कसे वापरावे याची लिंक आली. पुन्हा विचारल्यावर तीच लिंक आली आणि तिकीट, म्हणजे माझ्या तक्रारीची नोंद, ‘समस्या सुटली’ असा शेरा मारून बंद करण्यात आले. अखेर हाताशी असलेल्या जुन्या सीएसव्ही फाइलमधील (साध्या तक्त्याच्या फाइलमधील) नोंदी त्याच तारखांच्या नव्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला: पूर्वी केवळ मूळ पोस्टमधला हॅशटॅग मोजला जाई, आता प्रतिक्रियांमधला आणि रिपोस्टमधलाही मोजला जात होता, पण अपडेटच्या आधीचे केवळ काही आठवडेच नव्याने मोजलेले होते. त्यामुळे एकाच आलेखात दोन वेगळ्या मोजपट्ट्या होत्या आणि वाढ म्हणून जी दिसत होती ती त्यांच्या सांध्यावरची पायरी होती. संपूर्ण तिमाहीचे अहवाल पुन्हा करावे लागले, आणि ज्यांना ते आधी पाठवले होते त्यांचा विश्वास परत मिळवायला त्याहून अधिक काळ गेला. त्या विभागाने एका ओळीचे उत्तर दिले असते तर यातले काहीही घडले नसते, हे मला आजही खटकते.

हे टाळता येते. गूगल ट्रेंड्समध्ये दीर्घ कालावधीचा आलेख उघडला, तर १ जानेवारी २०१६ आणि १ जानेवारी २०२२ या तारखांपाशी माहिती गोळा करण्याची पद्धत सुधारल्याची टीप दिसते. पैसे घेणाऱ्या प्रत्येक साधनाने एवढे तरी करावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या आलेखाची दिशा पडताळण्यासाठीही गूगल ट्रेंड्स उपयोगी पडेल. मात्र तिथे पोस्ट नव्हे तर शोध मोजले जातात आणि ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

सुविधांबद्दल थोडक्यात सांगते. उसळीची सूचना खरोखर कामाची आहे, पण तिच्यासोबत वेगवेगळी खाती किती आहेत हे अवश्य पाहावे, कारण मोजकी खाती सतत पोस्ट करत राहिली तरी उसळी दिसते. भावना-विश्लेषणाला उपरोध फारसा कळत नाही, म्हणून काही पोस्ट स्वतः वाचल्याशिवाय त्याचा टक्का अहवालात घालू नये. अंदाजाची सुविधा मी वापरत नाही. मागील आकडेवारीत पायरी असेल तर अंदाजही तिच्यावरच उभा राहतो.

माझा हा अनुभव एकाच साधनाचा आहे आणि आपल्याकडील वाढ खरीही असू शकेल. तरीही नवी मोजणी कोणत्या तारखेपासून लागू झाली, मागचा किती काळ पुन्हा मोजला आणि कोणते स्रोत नव्याने जोडले, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत आलेखावर अपडेटच्या तारखेला उभी रेघ मारून ठेवावी. मूळ नोंदींची फाइल दर आठवड्याला स्वतःकडे उतरवून घ्यावी. फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, १४ ऑगस्ट २०२४ रोजी समाजमाध्यमांवरील पोस्टचा प्रसार पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन बंद केले, तेव्हा अनेकांच्या कामाचा आधारच गेला; साधन चालू आहे तोवरच ही फाइल मिळते.