'तानरेन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा होता: सतराव्या शतकातला जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी याच्या 'गोरिन नो शो' या पाच खंडांच्या तलवारविद्येवरच्या ग्रंथाबद्दल मराठीत लिहिताना 'तानरेन'साठी, म्हणजे रोज झिजून स्वतःला घडवण्यासाठी, 'सराव' चालेल, की 'साधना' बरं? आणि 'शिस्त' का नको?

'सराव' घेतला तर पंचाईत होते. सरावासाठी मुसाशीकडे 'केइको' हा वेगळा शब्द आहे आणि जल-खंडाच्या शेवटी त्याने दोन्ही एकाच वाक्यात आणलेत: हजार दिवसांचं केइको म्हणजे 'तान', दहा हजार दिवसांचं केइको म्हणजे 'रेन'. पावणेतीन वर्षं आणि सत्तावीस वर्षं! सगळीकडे 'सराव' घातलात तर वाक्याचा नुसता चोथा उरतो.

तान आणि रेन ही दोन्ही अक्षरं लिहिताना डावीकडे धातूचं चिन्ह येतं. तान म्हणजे तापवून ठोकणं, रेन म्हणजे तावून शुद्ध करणं. तलवारी घडवणारे जपानी लोहार पोलादाच्या घड्या घालण्याला आजही 'ओरिकाएशी तानरेन' म्हणतात. लालभडक तुकडा ठोकून लांबवायचा, मधोमध खाच पाडून दुमडायचा, पुन्हा भट्टीत सारायचा. असं दहा-पंधरा वेळा. घावागणिक मळी ठिणग्यांबरोबर उडून जाते आणि पोलादातला कार्बन सगळीकडे सारखा होतो.

यावर 'तावून सुलाखून' चटकन आठवतं, पण ती परीक्षा झाली आणि ती बहुतेकदा परिस्थिती घेते. इथे माणूस स्वतःहून रोज भट्टीत उतरतो. 'कसलेला मल्ल' जवळचं आहे, मात्र त्यात फळ दिसतं, प्रक्रिया नाही. माझं मत 'कमावणं'ला. कातडं कमावतात, शरीर कमावतात, गवयी आवाज कमावतो. म्हणून: हजार दिवसांच्या तालमीने माणूस घडतो, दहा हजार दिवसांच्या तालमीने कमावला जातो. केइकोला 'तालीम' मुद्दाम घेतलंय. कुस्तीची आणि नाटकाची, दोन्ही तालमी त्यात बसतात.

मुसाशीने हा शब्द स्वतःलाही लावलाय. तेराव्या वर्षापासून अठ्ठावीस-एकोणतीसपर्यंत साठाहून जास्त लढती, एकही हार नाही. पण तिशी उलटल्यावर त्याला वाटलं की हे विजय काही पारंगततेचे नव्हेत. मग 'सकाळी तान, संध्याकाळी रेन' करत राहिला आणि वाट सापडली ती पन्नाशीच्या सुमाराला. म्हणजे खरं कमावणं सुरू झालं ते नाव झाल्यानंतर.

'साधना' आणि 'तपश्चर्या' यांना माझा विरोध आहे, आणि कारण त्यानेच देऊन ठेवलंय. १६४३ साली कुमामोतोजवळच्या इवातो डोंगरावर लिहायला बसताना तो आकाशाला वंदन करतो, करुणेच्या बोधिसत्त्वाला, कान्नोनला, नमस्कार करतो, बुद्धासमोर बसतो आणि लगेच बजावतो की बौद्ध किंवा कन्फ्यूशियन वचनं उसनी घेणार नाही. एवढी सोवळी भूमिका घेणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण मठातले शब्द कशाला घालायचे?

'शिस्त' फारसीतून आलेला शब्द, जुना अर्थ नेम किंवा रोख. तलवारबाजाला तो शोभलाही असता, पण आज शिस्त म्हटलं की शाळेची रांग आणि घंटा डोळ्यांपुढे येते. दुसऱ्याने लावायची गोष्ट. 'दोक्कोदो' या छोट्या नियमावलीतले त्याचे एकवीस नियम मात्र स्वतःला घातलेले आहेत. त्यांच्याबद्दल लिहाल तेव्हा 'नेम' हा साधा शब्द वापरून बघा, नेमधर्मातला.