मिठाचं भांडं

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी बी.ए.ला इंग्रजी साहित्य शिकते. तिला व्हर्जिनिया वुल्फची ‘टू द लाइटहाउस’ आहे. परवा जेवताना म्हणाली, “आई, तू अगदी मिसेस रॅम्से आहेस. मला लिली व्हायचंय.” फार लागलं. म्हणून मीच कादंबरी वाचली. मिसेस रॅम्से घर सांभाळते, मोजा विणते, मरते. तिच्याकडे पाहुणी आलेली चित्रकार लिली दहा वर्षांनी एक चित्र पुरं करते. यात बाईचं स्वातंत्र्य कुठं आहे? मराठीत असं काही आहे का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, जेवणाचा प्रसंग पुन्हा वाचा. लिली तेहतीस वर्षांची, बिनलग्नाची. बायकांना चित्र काढता येत नाही, लिहिता येत नाही, असं म्हणणारा दुसरा पाहुणा टॅन्सली समोर बसलाय. आणि तिला एकदम सुचतं, चित्रातलं झाड आणखी मधे हवं. पानावरून उठता येत नाही. मग ती मिठाचं भांडं उचलून टेबलक्लॉथच्या नक्षीवर ठेवते, विसरू नये म्हणून. लगेच त्याच टॅन्सलीशी गोड बोलावंही लागतं, कारण यजमानीणबाईंची, मिसेस रॅम्सेची, नजर तशी विनवते. दहा वर्षांनी त्याच घरी तिला ती नक्षी आठवते आणि ती इझल मांडते. हे चित्र माळ्यावर पडेल, हे तिला ठाऊक आहे. तरी ती मधोमध रेघ ओढते. स्वातंत्र्य कुठं, म्हणून विचारलंत. मला ते त्या भांड्यापाशी दिसतं.

मिसेस रॅम्सेला मात्र तुमच्या लेकीनं पुरतं वाचलेलं नाही. आठ मुलांची आई. मुलं झोपायला गेली की ती विणत एकटी बसते. आता कुणाचं काही बघायचं नसतं. दीपगृहाचा लांब झोत येतो, तो तिला स्वतःचा वाटतो. माझी आई नागपुरात महाल भागातल्या घरी, मे महिन्यात दुपारी सगळे निजले की ओसरीवर तांदूळ निवडत बसायची. निवडलेले तांदूळ परत निवडायची. मी हाक मारली की दचकायची. ती तिथं काय करत होती, ते मला हे पान शिकवताना कळलं, आणि तोवर आई गेली होती.

वुल्फची आई 1895 साली वारली, तेव्हा वुल्फ तेरा वर्षांची होती. कादंबरी आली 1927 मध्ये. मिसेस रॅम्से म्हणजे बरीचशी तीच आई. तिचं मरण कंसातल्या एका वाक्यात उरकलंय, पण तिला हाक मारून रडल्याशिवाय लिलीचं चित्र पुरं होत नाही.

पैशाचं विसरू नका. काचघराच्या दुरुस्तीचे पन्नास पौंड नवऱ्याला सांगायला मिसेस रॅम्से घाबरते. दोनच वर्षांनी, 1929 मध्ये, वुल्फनं लिहिणाऱ्या बाईसाठी वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लागणारी खोली मागितली. ताई, तुमच्या एकटीच्या नावावर बँकेत खातं आहे का? नसेल तर या आठवड्यात उघडा.

मराठीत विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ घ्या, 1933 चं. शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातलं त्यात आहे. मालतीबाई बेडेकरांना ते विभावरी शिरूरकर या टोपणनावानं लिहावं लागलं.

लेकीशी भांडू नका. पुस्तक तिच्यासमोर उघडा आणि विचारा, लिलीनं ते भांडं सरकवलं, ते टेबल कुणी मांडलं होतं?